वाटीची उंची

1971 साली जॉन इन्सॉल आणि एदुआर्दो साल्वाती यांचा निरोगी गुडघ्यातल्या वाटीच्या जागेविषयीचा लेख ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. त्याचा गाभा एका ओळीत मावतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर वाटीखालच्या टेंडनची लांबी मोजायची आणि तिला वाटीच्या सर्वांत मोठ्या तिरप्या लांबीने भागायचे. उत्तर साधारण 1 येते. 0.8च्या खाली गेले तर वाटी खाली बसली, 1.2च्या वर गेले तर वर चढली.

या मांडणीत बाहेरची मोजपट्टीच नाही, हे तिचे पहिले सौंदर्य. माणूस उंच असो वा ठेंगणा, एक्स-रे मोठा येवो वा लहान, अंश आणि छेद एकाच पटीने बदलतात. दुसरे सौंदर्य सोयीचे. त्याआधीच्या ब्लूमेनसाट यांच्या पद्धतीत गुडघा नेमका 30 अंशांत वाकवावा लागे. इथे टेंडन ताणलेला असला की पुरे.

या गुणोत्तराचा कस लागतो तो नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे हाय टिबियल ऑस्टिओटॉमीत. बाहेर बाक आलेल्या पायात गुडघ्याची आतली बाजू झिजते. तिच्यावरचा भार कमी करण्यासाठी सांध्याखाली आतून काप घेऊन पाचरीसारखी फट उघडतात. टेंडन जिथे रुजतो तो नडगीचा उंचवटा सहसा कापाच्या खाली राहतो. फट उघडली की तो सांध्यापासून लांब जातो आणि न ताणणारा टेंडन वाटीला खाली ओढतो. तरी इन्सॉल-साल्वातींचा आकडा हलत नाही, कारण टेंडन तेवढाच आहे आणि वाटीही तेवढीच.

ब्लॅकबर्न आणि पील यांनी 1977 मध्ये वाटीच्या सांध्यालगतच्या पृष्ठभागाची खालची कड नडगीच्या सपाटीपासून किती उंच आहे, हे विचारले. त्यांचा आकडा ही घसरण लगेच दाखवतो. मग पहिले गुणोत्तर निकामी ठरले का? मुळीच नाही. मार्क कॉव्हेंट्री यांनी 1965 मध्ये मांडलेल्या पद्धतीत बाहेरून पाचर काढून हाड मिटवतात. तिथे उंचवटा सांध्याजवळ येतो, म्हणजे वाटी वर जायला हवी. पण प्लास्टरमध्ये बराच काळ जखडलेल्या गुडघ्यात टेंडनच आखडे आणि वाटी खाली येई. हे आखडणे इन्सॉल-साल्वाती अचूक पकडतात.

म्हणून त्या गुणोत्तराच्या मौनालाही अर्थ आहे. फक्त ब्लॅकबर्न-पील यांचा आकडा घसरला तर हाड सरकले. दोन्ही घसरले तर टेंडन आखडल्याचा संशय घ्यावा. पहिल्याचा उपाय कापाच्या आखणीत आहे. उंचवट्यामागून काप खाली उतरवला तर उंचवटा वरच्या तुकड्यासोबत राहतो आणि वाटीची उंची टिकते. दुसऱ्याचा उपाय गुडघा लवकर हलवण्यात आहे.

खाली बसलेल्या वाटीमागे दुखू शकते आणि पुढे सांधा बदलायची वेळ आली तर तो उघडणेही अवघड जाते. म्हणून शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ही दोन्ही मापे नोंदवावीत, आणि रुग्णांनीही ती आवर्जून विचारावीत.