अनिश्चिततेचा शंकू : एका नकाशाचे परीक्षण

अटलांटिक महासागरात १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. या काळात एखादे वादळ अमेरिकेतील फ्लोरिडाकडे निघाले की तिथल्या दूरचित्रवाणीवर एक नकाशा सतत दिसू लागतो. वादळाच्या आजच्या जागेपासून एक पट्टा निघतो आणि पुढे पुढे रुंद होत जातो. याला 'अनिश्चिततेचा शंकू' म्हणतात. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र २००२ पासून तो प्रसिद्ध करत आहे. घर सोडायचे की थांबायचे, हे असंख्य लोक या चित्राकडे पाहून ठरवतात. त्यामुळे ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे एवढे म्हणून आपल्याला थांबता येत नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्या प्रश्नाचे उत्तर ते देते का, हेही तपासले पाहिजे.

आधी शंकू कसा काढतात ते पाहू. वादळाचे केंद्र १२, २४, ४८, ७२ अशा तासांनंतर कुठे असेल याचा अंदाज वर्तवला जातो. त्या प्रत्येक जागेभोवती एक वर्तुळ काढतात. त्याची त्रिज्या मागील पाच वर्षांच्या अंदाजांत झालेल्या चुकांवरून ठरते : जेवढ्या अंतरात दोन तृतीयांश चुका बसतात तेवढी. २०२२ मध्ये अटलांटिकसाठी ही त्रिज्या २४ तासांना सुमारे ७० किलोमीटर, ४८ तासांना सुमारे १२५, ७२ तासांना सुमारे १८५ आणि पाच दिवसांना सुमारे ३७० किलोमीटर होती. ही वर्तुळे जोडली की शंकू तयार होतो.

या कल्पनेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. एका शास्त्रीय संस्थेने 'आमची चूक साधारण एवढी होते' असे रोज उघडपणे सांगावे, हे दुर्मीळ आहे. या चुका दर वर्षी मोजल्या जातात आणि अंदाज सुधारले की शंकूही अरुंद होतो. प्रयोगवहीत उत्तरापुढे ± लिहायला शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

तरीही या चित्रावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप कडेबद्दल आहे. नकाशावर रेघ दिसली की आपण तिला सीमा समजतो : आत धोका, बाहेर सुरक्षितता. पण व्याख्येनुसारच प्रत्येक वर्तुळाबाहेर केंद्र जाण्याची शक्यता तीनात एक आहे. शिवाय शंकू फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. वारा, पाऊस आणि समुद्राचे उधाण केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूरही पोहोचतात. त्यांच्याबद्दल शंकू काहीच सांगत नाही. पट्टा रुंद होताना पाहून वादळच मोठे होत आहे असा समजही सहज होतो, आणि त्यात दोष पाहणाऱ्याचा नाही.

दुसरा आक्षेप त्रिज्येबद्दल आहे. ती मागच्या वादळांवरून ठरते, समोरच्या वादळावरून नाही. एखाद्या वादळाबाबत सर्व संगणकीय प्रारूपे एकमेकांशी जुळत असोत वा चार दिशांना पांगलेली असोत, त्या वर्षीच्या शंकूची रुंदी तीच राहते. म्हणजे आजचा अंदाज किती डळमळीत आहे, हे 'अनिश्चिततेचा शंकू' सांगत नाही.

तिसरा आक्षेप मधल्या रेषेबद्दल आहे. ती असली की लोकांची नजर तिच्यावरच खिळते. १३ ऑगस्ट २००४ रोजी 'चार्ली' वादळाची अपेक्षित रेषा टँपा शहराच्या दिशेने होती. वादळ मात्र आधीच वळले आणि शंभर किलोमीटरांहून अधिक दक्षिणेला पुंटा गोर्डाच्या बाजूला किनाऱ्यावर आले. तो भाग शंकूच्या आत होता आणि धोक्याचा इशाराही लागू होता. तरी अनेकांना वादळाने चकवल्यासारखे वाटले, कारण त्यांनी शंकू नव्हे तर रेषा वाचली होती.

एवढा मोठा फरक कसा पडला, हे वर्गात पट्टी घेऊन दाखवता येते. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि वादळे दक्षिणेकडून त्याला जवळजवळ समांतर येतात. समजा मार्ग आणि किनारा यांच्यात १५ अंशांचा कोन आहे. मार्ग बाजूला २५ किलोमीटर सरकला तर किनाऱ्यावरची जागा २५ भागिले साइन १५, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर सरकते. वादळ काटकोनात आले असते तर हाच फरक २५ किलोमीटरच राहिला असता. अंदाजातील चूक तेवढीच, पण किनाऱ्याच्या दिशेमुळे तिचा परिणाम जवळजवळ चौपट. शंकू हेही सांगत नाही.

अठरा वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, 'इयन' वादळाच्या वेळी पुन्हा टँपाकडेच लक्ष लागले होते. दक्षिणेकडचा ली जिल्हा शंकूच्या कडेच्या आसपास होता. टँपा परिसरातील काही जिल्ह्यांनी २६ सप्टेंबरलाच सखल भाग रिकामे करण्याचे आदेश दिले. ली जिल्ह्याचा आदेश २७ च्या सकाळी निघाला आणि २८ च्या दुपारी वादळ त्याच जिल्ह्यातील कायो कोस्टा बेटावर धडकले. तिथल्या फोर्ट मायर्स बीच भागात जमिनीवर १० ते १५ फूट पाणी चढले. या वादळात दीडशेहून अधिक माणसे दगावली. वादळाच्या थेट तडाख्याने गेलेल्यांपैकी बहुतेकांचा बळी या उधाणाने घेतला.

टँपात मात्र उलटे घडले. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने उपसागरातले पाणीच मागे हटले. मग टँपाच्या सखल भागातून बाहेर पडलेले लोक मूर्ख ठरले का? आम्हांला तसे वाटत नाही. निर्णय बरोबर होता की नाही हे त्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून ठरते, नंतर काय झाले त्यावरून नव्हे. ही गोष्ट मुलांना शाळेतच समजली, तर पुढच्या वादळात 'मागच्या वेळी काही झाले नव्हते' म्हणून थांबणारे कमी होतील.

खरा पेच वेळेचा आहे. वादळी वारे येण्याची शक्यता असेल त्याच्या ४८ तास आधी दक्षतेचा आणि ३६ तास आधी धोक्याचा इशारा देतात, कारण वारा ताशी ६३ किलोमीटरच्या पुढे गेला की बाहेरची तयारी करणेच धोक्याचे होते. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. ४८ तास आधी त्रिज्या १२५ किलोमीटर आहे. म्हणजे निघायची वेळ येते तेव्हा अंदाज अनिश्चितच असतो आणि तो पक्का होतो तेव्हा निघायची वेळ टळलेली असते. 'अजून नक्की नाही, थोडे थांबू' हाही एक निर्णयच आहे, आणि सखल किनाऱ्यावर तो फार महाग पडू शकतो.

त्याच केंद्राचे याहून उपयोगी नकाशे आहेत. २०१७ पासून समुद्राच्या उधाणाचा वेगळा इशारा दिला जातो. वादळी वारे लवकरात लवकर केव्हा पोहोचू शकतील, हे दाखवणारा नकाशाही असतो. 'माझ्या दारात पाणी येईल का?' आणि 'माझ्याकडे किती वेळ आहे?' या माणसाच्या प्रश्नांना हे नकाशे थेट भिडतात. आमच्या मते पडद्यावर आधी ते यावेत आणि शंकू त्यांच्या मागे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. भारतीय हवामान खातेही चक्रीवादळाच्या अंदाजासोबत असा शंकू देते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले तेव्हा बातम्यांत मुंबईचे नाव मोठे होते. ते किनाऱ्यावर आले अलिबागच्या दक्षिणेला, आणि घरे व बागा गेल्या त्या श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत. पुढच्या वादळाच्या वेळी शिक्षकांनी हा नकाशा वर्गात जरूर लावावा. मात्र 'वादळ कुठे जाईल?' एवढेच मुलांना विचारू नये. 'शंकूच्या कडेबाहेर, खाडीकाठच्या घरात तुम्ही राहत असाल तर आज संध्याकाळी काय कराल?' असे विचारावे, आणि उत्तरासोबत कारणही मागावे.