यमुना ते यमू : मराठी कादंबरीची सुरुवात

ज्या गावाचं नाव आडनावात घेऊन म. द. हातकणंगलेकरांनी आयुष्यभर समीक्षा लिहिली, त्या हातकणंगल्यात आज समीक्षेतलाच एक जुना प्रश्न घेऊ. मराठी कादंबरी सुरू कुठून झाली?

इअन वॉट यांनी १९५७ साली इंग्रजी कादंबरीच्या उदयावर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : परंपरेनं चालत आलेल्या कथांपेक्षा एका सामान्य व्यक्तीचा अनुभव मोलाचा ठरला, तेव्हा कादंबरी आली. उदाहरण १७१९ सालच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’चं. ही मोजपट्टी लावून आपल्याकडे पटकन निकाल दिला जातो, की इथं सुटी ‘व्यक्ती’च नव्हती, म्हणून कादंबरी उसनी. हा निकाल आम्हाला घाईचा वाटतो.

बेळगावच्या बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. ते धर्मप्रचारासाठी लिहिलेलं आहे, म्हणून पुष्कळदा सालापुरतंच आठवलं जातं. पण रचना पाहा. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढं स्वतःच विधवा होते. उपशीर्षकात शब्द आहे ‘निरूपण’, आपल्या कीर्तन-प्रवचनातला. म्हणजे सगळंच काही बाहेरचं नाही. तरी एक उणीव राहते. इथं बाईचं दुःख हा सिद्धांताला जोडलेला दाखला आहे. मुद्दा पटला, की बाई बाजूला.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. हिची नायिकाही यमूच. पण ही यमू माहेर, सासर, वैधव्य, केशवपन सगळं ‘मी’ म्हणून सांगते. दुःखाविषयी माहिती असणं वेगळं आणि ते आतून भोगणं वेगळं. तेहतीस वर्षांत मराठी गद्यानं हे अंतर कापलं. क्रूसो ओसाड बेटावर एकटा होता, यमू भरल्या घरात एकटी आहे. आपली ‘व्यक्ती’ तिथं घडली.

आता अडचण अशी, की दोन्ही लेखक पुरुष. ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ लाच लिहिली होती. तो निबंध, म्हणून कादंबरीचा इतिहास त्याला दारातच थांबवतो. आम्हाला कुणाचा कुणावर प्रभाव सिद्ध करायचा नाही. मुद्दा एवढाच, की छापील मराठीत बाईचा स्वतःचा आवाज यमूच्या आधी आलेला होता. तेव्हा कादंबरीचं मूळ शोधायचं, तर हा निबंध यमूशेजारी ठेवून वाचला पाहिजे.