‘आपला संघ’ म्हणजे नक्की कोणता?

महाराष्ट्राच्या रणजी संघाचा इतिहास कुठेही वाचा, साचा एकच. १९३४-३५ला स्पर्धा सुरू, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, मग भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा. हे वाचून नांदेड-लातूरचा विद्यार्थीही सहज लिहून जातो, ‘आपल्या संघाने दोनदा रणजी करंडक जिंकला.’ माझा आक्षेप या वाक्यावर आहे.

तारखा शेजारी मांडून बघा. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६०ला. म्हणजे संघाचं नाव राज्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी जुनं. १९४०मध्ये नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, त्याचा वेगळा जिल्हा झाला १९८२ला. आणि हैदराबादचा स्वतःचा रणजी संघ होता! त्याने १९३७-३८च्या अंतिम सामन्यात नवानगरला फक्त एक गडी राखून हरवलं. निंबाळकरांची खेळी डिसेंबर १९४८ची, पुण्यातली. तेव्हा मराठवाड्यात पोलीस ॲक्शन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

मग हैदराबादचा करंडक ‘आपला’ म्हणायचा का? थांबा, तीही घाईच. गाव संस्थानात होतं म्हणून गावातला पोरगा संघात होता असं होत नाही. निवड कोण करायचं, सामने कुठे व्हायचे, तिथवर जायला पैसे कुणाकडे होते, हे प्रश्न नकाशा सोडवत नाही. आजही एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ असे तीन संघ आहेत. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ला करंडक नेला, महाराष्ट्राला १९४०-४१नंतर तो मिळालेला नाही.

दुसरी गोची खेळाडूंची. औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी आणि जालन्याचा विजय झोल महाराष्ट्राकडून खेळले, म्हणून संघाच्या इतिहासात सापडतात. बीडचा संजय बांगर भारताकडून कसोटी खेळला, पण रणजी खेळला रेल्वेकडून. फक्त संघाचा इतिहास लिहिलात तर मराठवाड्यातलं हे मोठं नाव तुमच्या हातून निसटतं. मैदान, नोकरी, प्रवास यांचा माग काढलात तरच ते सापडेल.

म्हणून प्रस्ताव लिहिताना आधी ठरवा, तुमच्या अभ्यासाचं एकक काय: संघ, संघटना, जिल्हा की खेळाडू? चारही चालतील, पण प्रत्येकाची साधनं वेगळी. संघासाठी धावफलक पुरतील. जिल्ह्यासाठी शाळा-कॉलेजांच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं आणि म्हाताऱ्या खेळाडूंच्या मुलाखती लागतील. यातला एकही म्हातारा गेला की एक साधन कायमचं जातं, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. आणि मसुद्यात ‘आपला’ हा शब्द आला की खाली रेघ मारून विचारा: कोणत्या वर्षी, कुणाचा?