नाथ देवळालीकरांचे भाषण आणि माझे मत

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकात बांधलेले हे धरण आता पर्यटकांचे झाले आहे. धरणाजवळ त्याच नावाचे गाव आहे आणि त्या गावात भावकी नावाची गोष्ट आहे, हे या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. मी त्या गावचा. नोकरी पुण्यात झाली, पण मतदारयादीतले नाव गावातच ठेवले. या लेखाचे मूळ त्या नावात आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी साहित्याबद्दल जे म्हणणार आहे ते तटस्थ माणसाचे म्हणणे नाही.

प्रश्न असा आहे. पटलेला विचार एकीकडे आणि घरचा माणूस दुसरीकडे असताना मत कुणाला द्यायचे, या पेचाचे मराठी साहित्याने काय केले? महाराष्ट्रात हा पेच नवा नाही. 7 मे 2024 रोजी बारामती लोकसभा मतदारसंघात नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या. सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, बारामती विधानसभेला अजित पवार आणि त्यांचे पुतणे युगेंद्र पवार असा सामना झाला. मे महिन्यात याच विधानसभा क्षेत्रात सुळे यांना आघाडी होती. नोव्हेंबरमध्ये काका लाखभर मतांनी निवडून आले. वर्तमानपत्रांनी या दोन निकालांचा अर्थ पक्ष, सहानुभूती आणि योजना यांत शोधला. मला मात्र त्यात हजारो घरांतली एकच धडपड दिसते. दोन्ही बाजूंना थोडे थोडे देऊन कुणालाच तोडायचे नाही, ही. भाऊ वाटणीला बसले की थोरलाही दुखावू नये आणि धाकटाही, म्हणून मधली माणसे करतात तशी.

त्याआधी 2019 मध्ये आमच्या मावळ लोकसभेत नात्याचे दुसरे टोक दिसले. पार्थ पवार यांच्यामागे घराण्याचे मोठे नाव होते, तरी श्रीरंग बारणे दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. घराणे लांबचे असेल तर मतदार त्याला सहज नाही म्हणू शकतो. पेच सुरू होतो तो उमेदवाराच्या आईच्या हातचे आपण जेवलेलो असतो तेव्हा. आणखी मागे गेलो तर ग्वाल्हेरचे शिंदे आहेत. 1984 मध्ये माधवरावांनी काँग्रेसकडून अटलबिहारी वाजपेयींना हरवले, आणि माधवरावांच्या आई विजयाराजे वाजपेयींच्याच पक्षाच्या पहिल्या फळीत होत्या. एवढा ऐवज समोर असताना आपल्या राजकीय साहित्याने तो वापरला का?

अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या आणि त्यांवरचा जब्बार पटेलांचा 1979चा चित्रपट हे या प्रांतातले मानदंड आहेत. त्यांत मुख्यमंत्री आहे, बंडखोर मंत्री आहे, कामगार पुढारी आहे आणि सगळे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस आहे. मतदार नाही. पटेल-तेंडुलकरांच्या 'सामना'त साखरसम्राट आहे आणि त्याला प्रश्न विचारणारा मास्तर आहे. तिथेही सत्ता कशी चालते हे दिसते, ती दिली कुणी हे दिसत नाही. अवधूत गुप्ते यांच्या 'झेंडा'त (2010) पक्ष घरातच फुटतो आणि खालचे मित्र दोन झेंड्यांखाली विभागले जातात. विषयाच्या सर्वांत जवळ जाणारी ही कृती, पण तिच्यातही माणसे कार्यकर्ते म्हणूनच तुटतात. मतदानाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, माणूस एकटा उभा आहे, अशी भरीव जागा माझ्या वाचनात तरी मराठीत आलेली नाही.

याचे एक कारण तंत्राचे असावे. तिथे संवाद नाही, साक्षीदार नाही, आणि घडते ते काही सेकंदांत. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पडते. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 94 सांगते की मत कुणाला दिले हे सांगण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही. कायद्याने या क्षणाभोवती भिंत बांधली आणि साहित्य तिच्याबाहेरच थांबले.

पण ही भिंत वाटते तेवढी पक्की नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात आयोगाला आवश्यक वाटल्यास अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्र आले आणि मोजणी केंद्रवार झाली. केंद्रांची मते एकत्र करून दाखवणारे 'टोटलायझर' वापरावे, असे निवडणूक आयोगाने सुचवले होते. ते अमलात आले नाही. परिणाम असा की एका माणसाचे मत गुप्त राहते, वाडीचे राहत नाही. पुण्याच्या सोसायटीत राहणाऱ्याला यातली धग कळणार नाही. निकालाच्या दुपारी केंद्राचा आकडा हाती आला की गावात घराघराचा हिशेब सुरू होतो.

आता ज्या कृतीमुळे मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मध्ये (1983) निवडणूक नाही. तरीही हा पेच मराठीत सर्वांत खोलवर तिथेच आला आहे, असे माझे मत आहे. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करते. नाथांना हे लग्न म्हणजे आपल्या विचाराचा विजय वाटतो. अरुण ज्योतीला मारतो. त्याचे आत्मकथन गाजते आणि त्यावरच्या चर्चेचे अध्यक्षपद घ्या, अशी गळ तो नाथांना घालतो. नाथांना ते पुस्तक खोटे वाटते, ते नकार देतात. मग पत्नी सेवा गरोदर मुलीची आठवण करून देते, आणि नाथ जातात, स्तुतिपर बोलून येतात. त्या भाषणातला खोटेपणा ज्योती ओळखते आणि घरी येऊन त्याचा जाब विचारते.

अरुणच्या चित्रणावर दलित लेखक-समीक्षकांनी घेतलेले आक्षेप मला आजही गैर वाटत नाहीत. एका माणसाच्या क्रौर्यावर एका समाजाची सावली पडू देण्यात नाटककाराची जोखीम होती आणि ती सगळी त्याने निभावलेली नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. नाथांचे ते भाषण हे खरे तर मतदान आहे. विचार एक सांगतो, मुलीचे पोट दुसरे सांगते, आणि नाथ मुलीला मत देतात. तेंडुलकरांची खुबी अशी की ज्या व्यक्तीसाठी हे मत दिले, तीच ते नाकारते. मी तरुणपणी या नाटकावर एक टिपण लिहिले होते. त्यात नाथांना ढोंगी ठरवून मोकळा झालो होतो. ते टिपण आता मागे घ्यावे लागते आहे, आणि त्याचे कारण साहित्यातले नाही.

काही वर्षांपूर्वी एका स्थानिक निवडणुकीत माझा थोरला चुलतभाऊ उभा राहिला. डोंगर कापून, ओढे बुजवून होणाऱ्या बंगल्यांविरुद्ध मी वर्षानुवर्षे लिहितो. भाऊ त्याच व्यवहारांत होता आणि त्याच जोरावर उभा होता. पण माझे वडील गेले तेव्हा माझे शिक्षण याच काकांच्या घराने केले, आणि आईला झटका आला त्या पावसाळी रात्री गाडी काढून तिला रुग्णालयात नेणारा हाच भाऊ होता. मी मतदानाला आलो. केंद्राबाहेर भावकीचे टेबल लागले होते, त्यावर बसून दिवसभर मतदारांना चिठ्ठ्या शोधून दिल्या. संध्याकाळी आत गेलो आणि दुसऱ्या उमेदवाराचे बटण दाबले.

महाभारतात या पेचाची दोन उत्तरे आहेत. विकर्ण द्रौपदीच्या बाजूने भर सभेत बोलला आणि पुढे भावांच्याच बाजूने लढून मेला. युयुत्सू युद्धाच्या तोंडावर उघडपणे पांडवांकडे गेला. नातेसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास केलेल्या इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये भीष्म, कर्ण, विदुर आहेत. या दोघांवर स्वतंत्र लेख नाही, याची हळहळ वाटते. युयुत्सूची परतीची शोकांतिका हिंदीत धर्मवीर भारतींनी 'अंधा युग'मध्ये मांडली. तिथे जिंकलेल्या बाजूच्या या माणसाकडे त्याची आईसुद्धा पाहायला तयार नाही. विकर्णाने बोलण्याची किंमत दिली, युयुत्सूने जाण्याची. गुप्त मतदानाने तिसरा मार्ग काढला: बसायचे भावांच्या टेबलावर आणि मत द्यायचे पलीकडे. यात किंमत द्यावी लागत नाही, अशी माझी समजूत होती. नाथांना निदान पकडणारी ज्योती होती.

भाऊ पडला. केंद्राचा आकडा आला तो त्याच्या हिशेबापेक्षा बराच कमी. माझ्या एका मताने काही झाले नसते, हे गणित मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. त्या रात्री काकूंनी विचारले, "तू आपल्यालाच दिलंस ना रे?" कलम 94 काकूंना लागू नाही. मी म्हणालो, "म्हणजे काय, काकू." मग घरात कोण फुटले याची चर्चा झाली आणि संशय धाकट्या सुनेवर गेला. ती दुसऱ्या तालुक्यातली, तिच्या माहेरचे लोक विरुद्ध पक्षात. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच नोंद असल्याने सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती. आता बाईचे नाव यादीत आहे, पण तिचे मत अजून माहेरचे की सासरचे एवढेच विचारले जाते. तिने देवाची शपथ घेतली. मी समोरच बसलो होतो आणि काही बोललो नाही.

त्या दिवाळीला तिला ओवाळणीचे ताट धरू दिले नाही. पुढे ते निवळले, पण थट्टेत तो विषय अजून निघतो आणि ती हसून उठून जाते.

हा अंक भुशीच्या घरी दरवर्षी जातो, मीच वर्गणी भरली आहे. काकूंना आता नीट दिसत नाही. दुपारी धाकटी सून त्यांना वाचून दाखवते.