उसने सूर

जुने गाणे नव्या चित्रपटात घेणे ही एक उसनवारीच आहे. ती सार्थ केव्हा ठरते? टेरी झ्विगॉफ यांचा ‘घोस्ट वर्ल्ड’ (२००१) हा अमेरिकन चित्रपट सुरू होतो, तो ‘गुमनाम’ (१९६५) मधल्या मोहंमद रफींच्या नाचगाण्याने. शेजारच्या खिडक्यांतून मरगळ दिसते. एका खोलीत मात्र ईनिड ही मुलगी दूरचित्रवाणीपुढे एकटीच बेभान नाचत असते. तिची सुटकेची ओढ शब्दांवाचून कळते. शंकर-जयकिशन यांच्या चालीला इथे नवा अर्थ लाभतो. निव्वळ आठवणी चाळवण्यासाठी घातलेले गाणे मला ठिगळच वाटते.

परंतु उसने फेडावेही लागते. अशा वापरासाठी शब्द-चालीची एक आणि ध्वनिमुद्रणाची दुसरी, अशा दोन परवानग्या लागतात. आपल्याकडे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या हक्काबाबत निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला होता. २०१२ च्या कायदादुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात गीतकार-संगीतकारांना समान वाटा दिला. हे योग्यच झाले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही गाण्याआधी कवी आणि संगीतकार यांची नावे सांगावीत, असा माझा आग्रह असतो.