‘मी अशी कुठं बसते?’ : हौशी चित्रकार, घर आणि गाव

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो चारठाण्याहून फोनवर आला.

चारठाणा म्हणजे परभणी जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले गाव. यादवकाळातली मंदिरे, बारव आणि उंच दगडी स्तंभ पाहायला अभ्यासक तिथे येतात. आमचा मावसभाऊ तिथे राहतो. आयुष्यभर जिनिंग फॅक्टरीत काट्यावर कारकून होता. कापसाच्या गाड्या यायच्या, वजन व्हायचे आणि हा पावत्या लिहायचा. रविवारी मात्र चित्रे काढायचा, अजूनही काढतो. नाव सांगत नाही, त्याला ते आवडायचे नाही. तर तो फोनवर म्हणाला, “दादा, माळवद पाडून स्लॅब टाकायचाय. पोरगं विचारतंय, हे दोनशे कागद ठेवायचे का रद्दीत द्यायचे? ही नुसती हौस आहे का चित्रं आहेत, तेवढं एकदा सांगा.”

आता बघा, चाळीस वर्षे आम्ही सौंदर्यशास्त्र शिकवले. रद्दीवाल्याच्या काट्यासमोर उभे राहून उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. आम्ही गेलो, दोन दिवस राहिलो आणि सगळे कागद पाहिले. तिथे जे कळले ते आज मांडतो. त्यात आमची एक चूकही कळली, तीही सांगतो.

आधी ‘हौस’ हा शब्द घेऊ. आपण म्हणतो, हौसेला मोल नसते. हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापते. मोल नसते म्हणजे पैशात मोजता येत नाही, हा एक अर्थ. मोल नसते म्हणजे किंमतच नाही, हा दुसरा. हौशी रंगभूमीच्या बाबतीत मराठी माणूस पहिला अर्थ घेतो. तालुक्याच्या गावातला नट स्पर्धेत उतरतो, परीक्षक त्याला नावे ठेवतात, दुसऱ्या दिवशी चौकात लोक त्याच्या भूमिकेवर वाद घालतात. हौशी चित्रकाराला यातले काहीच मिळत नाही. त्याला मिळते घरची भिंत आणि एक शब्द : ‘छान’. आमच्या मते या ‘छान’ने जितके हौशी चित्रकार संपवले तितके टीकेने संपवले नसतील.

आता ते कागद. त्यांचे सरळ तीन गठ्ठे झाले.

पहिला गठ्ठा जुना, शाळेपासूनचा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. हे चित्र तुम्हीही काढलेले आहे. आम्हीही काढले. पण जिंतूरकडचे डोंगर बसके, सपाट माथ्याचे. सूर्य उगवतो तो कापसाच्या आणि तुरीच्या रानातून. नारळ आम्हाला ठाऊक तो देवापुढे फोडायचा. तरी मराठवाड्यातले पोर ‘निसर्गचित्र’ म्हटले की कोकणातला नसलेला निसर्ग काढते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत स्मरणचित्र नावाचा एक विषय असायचा. स्मरणातून चित्र काढायचे. आणि आमच्या स्मरणात काय, तर दुसऱ्याने फळ्यावर काढून दाखवलेले चित्र! डोळ्यांसमोरचे गाव चित्रात घ्यायची परवानगी असते हे कुणी सांगितलेच नाही.

दुसरा गठ्ठा मंदिरांचा. बारवेच्या पायऱ्या, कोरीव खांब, तो स्तंभ, सकाळी, संध्याकाळी, पावसात. वीस-बावीस चित्रे. हात सफाईदार. पण सगळी गार. आणि ही आमची करणी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही त्याला म्हणालो होतो, “अरे, घरातली भांडीकुंडी काय काढतोस? एवढा ठेवा गावात आहे, तो काढ.” प्राध्यापक बोलले म्हणजे प्रमाण. त्याने बिचाऱ्याने बाहेरून येणारा पाहुणा जे बघतो तेच बघायला सुरुवात केली. आमचे ऐकून तो स्वतःच्या गावात प्रवासी झाला.

तिसरा गठ्ठा सगळ्यात लहान, चौदा-पंधरा कागदांचा. माळवदाच्या झरोक्यातून खाली पडलेला उन्हाचा चौकोन आणि त्यात बाजेवर निजलेली आमची मावशी. काट्यावर नंबर लागण्याची वाट पाहत गाडीच्या जुवाला टेकून बसलेला शेतकरी. ओसरीवर सुपात तूर निवडणारी त्याची पत्नी. इथे हात अडखळतो, प्रमाण चुकते, पण नजर हलत नाही. मुलाचा गठ्ठ्यावरचा शेरा मात्र होता, “हे कच्चे”.

मित्रहो, हा तिसरा गठ्ठा चांगला असे आम्ही म्हणतो ते का? मावशी आमची म्हणून? हा प्रश्न टाळून चालणार नाही. मर्ढेकर ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्याचा विचार लयीच्या अंगाने करतात : संवाद, विरोध, समतोल. त्या हिशेबाने बाजेवरची बाई कुणाची कोण, याचा चित्राच्या गुणाशी संबंध नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन टोकांची मांडणी केली. कला आपल्या रोजच्या जगण्याला जोडलेली मानायची, की त्याहून वेगळी, स्वयंपूर्ण? हौशी चित्रकार चित्र दाखवताना “ही माझी आई” म्हणतो, तेव्हा नकळत तो या भांडणाच्या मधोमध उभा असतो.

आम्ही बराच काळ मर्ढेकरांच्या बाजूने बोलत आलो. नाते सांगणे म्हणजे चित्राला कुबडी देणे, असे वर्गात सांगायचो. हळदणकरांचे उदाहरण द्यायचो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा धरलेली तरुणी, बोटांच्या फटीतून आलेला प्रकाश. त्या चित्रासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पण चित्र पाहताना ती कुणाची मुलगी हे कळत नाही, कळायची गरजही नाही. मुलीचा प्रकाश झाला. ही सिद्धी मोठीच आहे. पण ती कसलेल्या उस्तादाची सिद्धी. काट्यावरच्या कारकुनाने तोच रस्ता धरला तर त्याच्या हाती कॅलेंडर येते. त्याच्याकडे तेवढे कसब नाही. मग त्याच्याकडे दुसरे काय आहे, हा खरा प्रश्न.

इथे ठाण्याकडे वळू. सुधीर पटवर्धन हे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म 1949, पुण्याचा. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले आणि सुमारे 30 वर्षे, 2005 पर्यंत, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले. चित्रकलेच्या शाळेत ते शिकलेले नाहीत. त्यांना हौशी म्हणणे चूक ठरेल, 1981 मध्ये भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम यांच्याबरोबर ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते. पण हौशी माणसाची परिस्थिती त्यांनी जगलेली आहे : दिवसा पोटाचा धंदा, उरलेल्या वेळात चित्र. आणि त्यांनी काढले काय? ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977), ‘ट्रेन’ (1980), ‘पोखरण’. हे पोखरण राजस्थानातले नव्हे, ठाण्यातले. रोजच्या जाण्यायेण्यातली माणसे, वाढत सुटलेले उपनगर. त्यांच्या चित्रांसमोर उभे राहिले की एक प्रश्न सतत जाणवतो : या चित्रातला माणूस समोर आला तर स्वतःला ओळखेल का? लोकांपर्यंत चित्रे नेण्याचीही त्यांना आस. त्यांनी जुळवलेले समकालीन भारतीय चित्रांचे प्रदर्शन 2008-09 मध्ये महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांतून फिरले.

बडोद्याचे खख्खर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्यात नोकरी करीतच त्यांनी 1972 मध्ये ‘जनता वॉच रिपेअरिंग’सारखे चित्र काढले : घड्याळे दुरुस्त करणारा, त्याचे दुकान, त्याची पाटी. इंग्लंडमध्ये एल. एस. लॉरी 1910 ते 1952 भाडेवसुलीच्या कचेरीत होता. भाडे मागत गल्लीबोळ हिंडला आणि रात्री अंथरुणाला खिळलेल्या आईचे करून झाल्यावर त्याच गल्ल्या रंगवत बसला. पाच रंग, बस्स : पांढरा, काळा, शेंदरी, प्रशियन निळा आणि पिवळी गेरू. लोक आपल्याला ‘रविवारचा चित्रकार’ म्हणतील या धास्तीने त्याने नोकरी जन्मभर लपवली.

आम्हाला वाटते, लॉरीने लपवले तेच त्याचे भांडवल होते. भाडे वसूल करणाऱ्याला दार उघडणाऱ्या माणसाचा चेहरा ठाऊक असतो. कापसाच्या काट्यावरच्या कारकुनाला ठाऊक असते की भाव पडलेल्या दिवशी शेतकरी गाडीला कसा टेकतो. हे ज्ञान कुठल्याही कलाशाळेत मिळत नाही. नोकरी चित्रकाराचा वेळ खाते हे खरे, पण तीच त्याला डोळे देते.

आता उलट बाजूही पाहू, नाहीतर आम्हीही ‘छान’च म्हणू. घर आणि गाव यांत एक मोठा सापळा आहे, तो म्हणजे आठवणींचा गोडवा. चूल, जाते, तुळशीवृंदावन, नऊवारीतली हसरी आजी. अशी चित्रे आता ढिगाने निघतात आणि लोक त्यांवर जीव टाकतात. त्या चुलीतला धूर कुणाच्या डोळ्यांत गेला, हे चित्रात नसते. हे प्रेम नव्हे मित्रहो, हा आळस. त्रिकोणी डोंगर जसे उसने, तशी ही आजीही उसनी.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? याचे उत्तर आम्हाला पाटणकरांनी दिले नाही, मर्ढेकरांनी दिले नाही. ते भावजयीने दिले.

तूर निवडतानाचे ते चित्र आम्ही हातात धरले होते. ती चहा घेऊन आली, वाकून बघितले आणि म्हणाली, “दादा, तुम्हीच सांगा, मी अशी कुठं बसते? माझा उजवा गुडघा दुखतो, मी तो पाय लांब करून बसते. ह्यांनी मांडी घातलेली काढली, बरी दिसावी म्हणून.” भाऊ गप्प. मग हळूच म्हणाला, “खरं आहे.” त्याने गठ्ठ्यातून दुसरा कागद काढला. त्यात पाय लांब होता, पदराचे टोक जमिनीवर, सूप तिरके. रचना सगळी उजवीकडे कललेली, आणि तरीही सावरलेली. तो कागद त्याने कुणालाच दाखवला नव्हता. का, तर बायको म्हातारी दिसते.

तिथे आमच्या डोक्यात उजेड पडला. नाते ही चित्राची कुबडी नव्हे, शिस्त आहे. अनोळखी माणूस काढताना तुम्ही दुखरा गुडघा गाळू शकता, कुणी हटकणार नाही. घरचे माणूस काढताना घरात साक्षीदार बसलेला असतो. ‘असं नाही, असं असतं’ हे वाक्य म्हणणारा माणूस हौशी चित्रकाराच्या घरात असतो, गावाच्या पारावर असतो. व्यावसायिक चित्रकाराला असा परीक्षक सहसा लाभत नाही. आणि गंमत पाहा, त्या दुखऱ्या पायामुळेच दुसऱ्या कागदातली रचना जिवंत झाली. लांब पायाचा तोल सांभाळायला तिरके सूप आले. म्हणजे मर्ढेकरांचा समतोल तिथेही आहेच, फक्त तो गुडघ्याच्या खरेपणातून आला. लौकिक आणि अलौकिक यांचे भांडण निदान त्या कागदावर तरी मिटलेले आम्ही पाहिले.

यावर कुणी म्हणेल, हुबेहूब म्हणजेच चांगले काय? मग फोटो काढा. नाही. लॉरीची माणसे काडीसारखी आहेत, खख्खरांच्या चित्रांत शरीरशास्त्र शोधू नका. हुबेहूबपणा वेगळा आणि खरेपणा वेगळा. मावशीच्या चित्रात चेहरा नीट नाही, पण बाजेवर ती जशी भिंतीकडे सरकून निजायची, दुसऱ्याला जागा राहावी म्हणून, ते त्या रिकाम्या अर्ध्या बाजेत आहे. ती रिकामी जागा फोटोतही आली असती, पण ती कशासाठी हे फोटोला कळले नसते.

तेव्हा भावाच्या प्रश्नाचे उत्तर. तिसरा गठ्ठा ठेवायचा, हे आम्ही सांगितले. पहिल्यातले एक चित्र ठेवायचे, आपण काय शिकलो होतो याची नोंद म्हणून. मंदिरांच्या गठ्ठ्याचे काय, हे सांगायला आम्ही कचरलो, कारण तो आमचाच उपदेश होता. त्याने तो स्वतःच उघडला आणि बारवेचे एक चित्र बाजूला काढले. त्यात पायरीवर कुणाची तरी रिकामी घागर होती. म्हणाला, “हे राहू द्या दादा. हिला मी ओळखतो.” घागरीला, की घागरवालीला, ते आम्ही विचारले नाही.

निघताना माळवद अजून उभे होते. काम दिवाळीनंतर सुरू होणार. भावाने सांगितले, झरोका बुजायच्या आत त्या उन्हाच्या चौकोनाची आणखी दोन-तीन चित्रे करायची आहेत. आम्ही ‘छान’ म्हणालो नाही. “दुपारी ऊन कुठपर्यंत येतं ते वहिनीला विचार,” एवढेच म्हणणार होतो, पण ती आधीच सांगत होती, “बाराला नव्हं, साडेबाराला येतं ते बाजेवर.”