पराभवानंतरचे आरोपी : हॉकीचा कर्णधार, प्रशिक्षक आणि आपण

आजचा विषय हॉकी आहे, पण सामन्याचं वर्णन ऐकायला आपण जमलेलो नाही. हरल्यानंतर आपण चाहते जे बोलतो, त्या बोलण्याचीच आज थोडी चिकित्सा करायची आहे. नाटकावर, कादंबरीवर टीका होते, त्या टीकेवरही टीका होते. खेळाबद्दलच्या आपल्या मतांना मात्र कुणी तपासत नाही. ती चहाच्या टपरीवर जन्मतात आणि तिथून थेट निवड समितीपर्यंत पोचतात, असा आमचा अनुभव आहे.

एकच सामना धरून बोलू. २२ जानेवारी २०२३, भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम, विश्वचषकाचा क्रॉसओव्हर सामना. जिंकणारा उपांत्यपूर्व फेरीत जाणार होता. समोर न्यूझीलंड, स्वतःच्या गटात तिसरा आलेला संघ. ललित उपाध्याय आणि सुखजीत यांच्या गोलांनी आपण २-० पुढे गेलो, मध्यंतरापूर्वी एक गोल खाल्ला, मग ४०व्या मिनिटाला वरुण कुमारने ३-१ केलं. घरचं मैदान, भरलेली स्टँड, वीस मिनिटं बाकी. ४३व्या मिनिटाला ३-२ आणि ४९व्या मिनिटाला ३-३. पुढे शूटआउट, ते सडन डेथमध्ये गेलं, श्रीजेश जखमी होऊन बाहेर आला, पाठक आत गेला, आणि ४-५ असे आपण हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आरोपी ठरलेले होते. एक कर्णधार हरमनप्रीत सिंग, दुसरे प्रशिक्षक ग्रॅहम रीड. कुणी म्हणालं, हरमनप्रीतला संघ सांभाळता येत नाही, कप्तानीच्या ओझ्याने त्याची ड्रॅगफ्लिकच बिघडली. कुणी म्हणालं, मनप्रीतला काढलं तीच चूक. पण त्याच मनप्रीतच्या नेतृत्वाखाली पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात आपण ऑस्ट्रेलियाकडून ७-० हरलो होतो, आणि तेव्हा आपण हेच त्याच्याबद्दल बोलत होतो. नाव बदललं, वाक्य तेच राहिलं. रीड यांच्याबद्दल तर काय, परदेशी माणसाला आपल्या पोरांची नस कळत नाही, हे ठरलेलंच. दीड वर्षापूर्वी टोकियोत जर्मनीला ५-४ हरवून १९८० नंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक आलं, तेव्हा हेच रीड आपल्याला देवमाणूस वाटत होते.

आता या बोलण्यात गोम कुठे आहे? आमच्या मते ती 'कर्णधार' या शब्दातच आहे. आपल्या डोक्यातला कर्णधार क्रिकेटचा आहे. तो नाणेफेकीनंतर बॅटिंग की बोलिंग ते ठरवतो, गोलंदाज बदलतो, स्लिप काढून पॉइंटला माणूस ठेवतो. प्रत्येक षटकानंतर त्याला विचार करायला वेळ मिळतो. त्यामुळे क्रिकेटमध्ये हरल्यावर 'त्याने अमक्याला ओव्हर का दिली' हा प्रश्न अगदी रास्त असतो, कारण ती ओव्हर खरोखरच त्याने दिलेली असते.

हॉकीत असं काही नसतं. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग आणि अकरा जण मैदानात. बाकीचे बेंचवर, पण नुसते बसलेले नाहीत. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, खेळ न थांबवता. आघाडीचा खेळाडू काही मिनिटं जीव तोडून धावतो, बाहेर येतो, पाणी पितो, पुन्हा आत जातो. कोण कधी आत जाणार हा हिशोब बेंचवरून चालतो. कर्णधार स्वतःही बाहेर येतो, आणि तो बाहेर आला की दंडावरची पट्टी दुसऱ्याच्या दंडावर जाते, कारण नियमानुसार मैदानात पट्टीवाला कुणीतरी असावाच लागतो. नियमांच्या पुस्तकात कर्णधाराची जबाबदारी काय लिहिली आहे? आपल्या खेळाडूंची वर्तणूक, आणि बदली खेळाडू नीट आत-बाहेर होतात की नाही हे पाहणं. वर्गाच्या मॉनिटरचं काम म्हणा ना.

मग हॉकीत नेतृत्व नसतं का? असतं, पण ते वाटलेलं असतं. गोलरक्षकाला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून बचावाची रांग तो ओरडून लावतो. खेळाचा वेग कधी वाढवायचा आणि चेंडू नुसता फिरवत कधी ठेवायचा, हे मधल्या फळीतल्याच्या हातात असतं. पेनल्टी कॉर्नरवर ढकलणारा, थांबवणारा आणि मारणारा यांचं आपसात ठरतं. एका माणसाकडे बोट दाखवायची सोय हा खेळ आपल्याला देत नाही, आणि आपल्याला तर तीच सोय हवी असते.

म्हणून ३-१ नंतर काय झालं हे विचारताना 'हरमनप्रीत काय करत होता' याऐवजी 'मधल्या फळीत कोण होतं' असं विचारून बघा. हार्दिक सिंग नव्हता. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्याची मांडीची शीर दुखावली आणि तो स्पर्धेबाहेर गेला. आघाडी असताना चेंडू पायाशी धरून ठेवणारा, समोरच्याला धावायला लावणारा माणूस तो होता. त्याच्या जागी राजकुमार पाल आला. तो पुढे चांगला खेळाडू झालाच, पण भर स्पर्धेत अशा माणसाची जागा घेणं म्हणजे चालत्या लोकलमध्ये चढण्यासारखं आहे.

अजून मागे जा. आपल्याला हा क्रॉसओव्हर खेळावा का लागला? स्पेनला २-० हरवलं, इंग्लंडशी ०-० बरोबरी, वेल्सवर ४-२ विजय. एकही पराभव नाही. तरी गट इंग्लंडने जिंकला, कारण त्यांचा गोलफरक नऊ आणि आपला चार. गटात पहिला आला की थेट उपांत्यपूर्व फेरी. आणि हे वेल्स कोण, तर पहिल्यांदाच विश्वचषक खेळणारा संघ. त्यांच्याविरुद्ध आपण २-० पुढे होतो आणि तिसऱ्या भागात दोन-तीन मिनिटांत २-२ झालं. नीट ऐका. १९ जानेवारीला २-० वरून २-२, तीन दिवसांनी ३-१ वरून ३-३. तीच पडझड, तशाच टप्प्यावर. वेल्सविरुद्ध निभावून गेली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. त्या रात्री कुणी कर्णधार बदला म्हणालं नाही की प्रशिक्षक बदला म्हणालं नाही. टीका करायची होती तर ती त्या रात्री करायला हवी होती, कारण दुखणं तेव्हाच दिसलं होतं. सामना जिंकला की आपलं डोकं सुट्टीवर जातं.

आता प्रशिक्षक. ३० जानेवारीला रीड यांचा राजीनामा जाहीर झाला. त्यांच्यावरची टीका पूर्ण चुकीची होती असं आमचं म्हणणं नाही. पेनल्टी कॉर्नर मिळत होते आणि वाया जात होते, एकाच ड्रॅगफ्लिकरवर भार होता, आघाडी मिळाल्यावर संघ मागे सरकत होता. मानसिक तयारीत काही कमी पडतंय हे सामन्यानंतर त्यांनी स्वतःच मान्य केलं. हे सगळे प्रश्न प्रशिक्षकालाच विचारायचे असतात. पण विचारणं वेगळं आणि हाकलणं वेगळं, आणि आपल्याकडे विचारणं संपण्याआधी माणूस विमानतळावर पोचलेला असतो.

ही सवय जुनी आहे, आणि तिचा पराभवाशी फारसा संबंधही नाही. १९९८ साली बँकॉकमध्ये भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. कर्णधार आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. त्यानंतर थोड्याच दिवसांत धनराजसह अनेक अनुभवी खेळाडू संघाबाहेर होते. सुवर्ण जिंकून! २०१४ मध्ये इंचिऑनला पुन्हा सुवर्ण आलं, आणि काही आठवड्यांत प्रशिक्षक टेरी वॉल्श निघून गेले. त्यांच्या जागी आलेले पॉल व्हॅन अॅस वर्षभरही टिकले नाहीत. मग ओल्टमन्स, मग मरीन, मग हरेंद्र सिंग. २०१५ ते २०१९ च्या जानेवारीपर्यंत चार माणसं आली आणि गेली. प्रत्येक जण येताना नवी पद्धत आणतो. एक म्हणतो अंगावर धावून जा, दुसरा म्हणतो मागे थांबा. खेळाडूंनी कुणाचं ऐकायचं?

यातली मरीन यांची गोष्ट आमच्या सर्वांत आवडीची आहे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांचा संघ चौथा आला, म्हणून त्यांना काढून महिला संघाकडे पाठवलं. शिक्षाच ती एका परीने. त्याच मरीन यांच्या हाताखाली आपल्या मुली टोकियोत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचल्या आणि चौथ्या आल्या. तिथे तोच चौथा क्रमांक देशाने डोक्यावर घेतला. माणूस तोच. बदललं काय असेल, तर आपण त्याच्याकडून काय मागत होतो ते.

आता आमची कबुली. २०२३ च्या त्या आठवड्यात आम्हीही म्हणत होतो, की हरमनप्रीतच्या दंडावरची पट्टी काढावी. एकाच माणसाने बचाव करायचा, कॉर्नर मारायचे आणि कप्तानीही करायची, हे जास्त होतं, असा आमचा युक्तिवाद होता. वरवर बिनतोड. पुढे काय झालं? पट्टी त्याच्याकडेच राहिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने दहा गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. ओझ्याबद्दलचं आमचं सगळं तत्त्वज्ञान त्याने चेंडूसारखं जाळ्यात टाकलं.

पण पॅरिसमधला आमच्या मनात राहिलेला सामना दुसराच आहे. ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली ४३ मिनिटं दहा जण. बचावातला हुकमी माणूस गेल्यावर त्या भगदाडात कोण उतरलं? मनप्रीत. पट्टी गेलेला जुना कर्णधार, मूळचा मधल्या फळीतला. १-१ अशी बरोबरी झाली आणि शूटआउट आपण ४-२ ने जिंकलं, श्रीजेश गोलमध्ये उभा असताना. त्या ४३ मिनिटांत कर्णधार कोण होता, हे टीव्हीसमोर बसून आपल्याला ओळखता आलं असतं का?

इथे कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की पॅरिसला रीड नव्हते, क्रेग फुल्टन होते. प्रशिक्षक बदलला म्हणूनच हांगझोचं सुवर्ण आणि पॅरिसचं पदक आलं ना? फुल्टन यांनी बचाव घट्ट केला, पॅडी अप्टनसारखा मानसिक तयारी करून घेणारा माणूस संघासोबत आला, हे खरंच. पण मनप्रीत, हार्दिक, हरमनप्रीत, श्रीजेश हा संघाचा कणा रीड यांच्या काळातलाच होता. आणि रीड यांचं ऑलिंपिक पदक कांस्य, फुल्टन यांचंही कांस्य. बदल लागू पडला की नुसता पचला, याचा निकाल एवढ्यावर देता येणार नाही. आम्ही तो देत नाही, तुम्हीही इतक्या लवकर देऊ नका.

मग चाहत्यांनी मागायचं तरी काय? आमची मागणी फार किरकोळ आहे. एखादा प्रशिक्षक गेला की त्याच्या स्पर्धेचं परीक्षण लोकांसमोर यावं. किती कॉर्नर मिळाले आणि किती वाया गेले, आघाडी कोणत्या मिनिटांना गेली, तेव्हा मैदानात कोणते अकरा जण होते, जखमी खेळाडूच्या बदलीची तयारी आधी किती झाली होती. क्रिकेटच्या स्कोअरकार्डवर प्रत्येक चेंडूचा हिशोब मिळतो, म्हणून तिथली भांडणं निदान आकड्यांवर होतात. हॉकीत आपल्याकडे आकडे येत नाहीत, मग आपण माणसाच्या चेहऱ्यावर भांडतो. हरमनप्रीत खांदे पाडून चालत होता, रीड बेंचवर हसले नाहीत, असल्या पुराव्यांवर.

वेळ होत आला आहे. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, की हे सगळं ठीक, पण शूटआउटसाठी कोणते पाच जण निवडायचे हा निर्णय तरी कर्णधाराचा नसतो का? चांगला प्रश्न आहे. प्रशिक्षकाकडे सरावातली यादी असते. पण साठ मिनिटं धावून झाल्यावर कुणाचे पाय थरथरतायत हे त्याच्याशेजारी खेळणाऱ्याला जास्त कळतं. तिथे कर्णधाराचा शब्द चालायला हवा, असं आम्हाला वाटतं. यावर कुणाचं वेगळं मत असेल, तर माइक त्या बाजूला द्या.